जुन्या कपड्यांपासून नवे कपडे शिवणे

वापरून जुना झालेला, मापाला न बसणारा किंवा आवडेनासा झालेला कपडा उसवून वा कापून त्यातून घरीच दुसरा कपडा बेतणे व शिवणे. ठिगळ लावले किंवा रफू केले तरी मूळ कपडा तोच राहतो. येथे त्याचा आकार, माप किंवा उपयोग बदलतो. मोठ्या शर्टाचा लहान मुलीचा फ्रॉक होतो, जीन्सचा स्कर्ट होतो.

नवा कपडा शिवताना नमुना आधी ठरतो आणि त्याला पुरेल एवढे कापड आणले जाते. येथे कापड आधीच ठरलेले, मोजके आणि शिवणी, काज, चुण्यांनी तुकड्या-तुकड्यांत विभागलेले असते. म्हणून खरे कसब बेतण्यात आहे. पुढचे शिवणकाम त्या मानाने सोपे.

पहिली पायरी पारखण्याची. कपडा सगळीकडे सारखा झिजत नाही. कोपर, गुडघे, बैठकीचा भाग आणि कॉलरची घडी आधी विरतात, काखेतले कापड घामाने कमजोर होते. पाठ आणि खालचा घेर बहुधा शाबूत असतो. कापड उजेडासमोर धरले की विरलेले भाग दिसतात. उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या दिशेने हलका ताण देऊनही पाहावे. धागे सरकत असतील तर तो भाग सोडून द्यावा, कारण तिथे नवी शिवण घातली तर कापड शिवणीलगतच फाटते. रंगीत धाग्यांनी विणलेल्या चौकड्यांचे किंवा सुटाचे कापड वरून विटले तरी आतून अनेकदा ताजे असते आणि उलटून वापरता येते. एकाच बाजूने छापलेल्या कापडाला ही सोय नाही.

उसवण्यात घाई करू नये. शिवणीच्या दोन्ही बाजूंनी कात्री चालवली तर काम लवकर उरकते, पण शिवणीत दडलेली माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, वाया जाते, आणि कापड अपुरे असताना तेवढी रुंदीही मोलाची ठरते. मशीनच्या साध्या टिपेवर एका बाजूचे टाके थोड्या थोड्या अंतराने तोडले की दुसऱ्या बाजूचा दोरा सलग ओढून काढता येतो. मग तुकडे धुऊन, इस्त्री करून उभ्या धाग्याची दिशा खडूने आखावी. ती चुकली तर कपडा अंगावर एका बाजूला ओढला जातो. जुन्या दुमडीची विटलेली रेघ इस्त्रीने जात नाही. तिच्यावर फीत किंवा शोभेची टीप घालतात.

मूळ कपड्यातले तयार भाग जसेच्या तसे वापरणे हा या कामातला सर्वांत आनंदाचा भाग. शर्टाची बटणपट्टी फ्रॉकच्या पाठीवर घेतली की काजे करावी लागत नाहीत. खालची दुमड तशीच ठेवून वरून माप घेतले तर घेराची शिवण वाचते. जुन्या सुती कापडाचा आणखी एक गुण असा, की अनेक धुण्यांत ते आटायचे तेवढे आटलेले असते. त्याला नवे सुती कापड जोडायचे असेल तर ते आधी धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर जोडावर सुरकुत्या पडतात. ताणल्या जाणाऱ्या होजियरी कापडाला बोथट टोकाची सुई आणि नागमोडी टीप लागते.

कापड महाग असेपर्यंत ही गृहिणीची रोजची विद्या होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तिला सरकारी पाठबळ मिळाले. तेथे 1 जून 1941 पासून कपडे कूपनांवर मिळू लागले. हे नियंत्रण 1949 पर्यंत टिकले. 1943 मध्ये तेथील माहिती मंत्रालयाने जुने कपडे दुरुस्त करून नव्याने वापरण्याची पुस्तिका काढली. पुरुषांच्या सुटांतून स्त्रियांचे कोट आणि स्कर्ट बेतण्याची रीत त्या काळात विशेष रुळली.

आजच्या तयार कपड्यांत मात्र एक अडचण आहे. त्यांच्या कडा ओव्हरलॉकने, म्हणजे कड कापत कापत तिच्यावर दोरा गुंफणाऱ्या यंत्राने, बंद केलेल्या असतात आणि आत माया जेमतेम उरते, त्यामुळे ते सहसा सैल करता येत नाहीत. अशा वेळी बाजूच्या शिवणीत काखेपासून खालपर्यंत दुसऱ्या कापडाची पट्टी किंवा कळी (खाली रुंद होत जाणारा तुकडा) घालतात. कॉलरमध्ये चिकटवलेले अस्तर फुगले असेल तर ते सुधारण्याच्या खटपटीत न पडता कॉलर काढून टाकावी आणि गळ्याला उरेब (धाग्यांना तिरपी कापलेली) पट्टी लावावी.