ठाणे-नवी मुंबईतून मायनिंग इंजिनिअरिंगला जायचंय? दोन प्रवेश प्रक्रिया आणि दोन वेगळ्या फायली

बारावी सायन्सच्या मुलांच्या पालकांशी बोलताना मायनिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘इथे जवळपास कुठलं कॉलेज आहे?’ जवळपास कुठलंच नाही. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी कॉलेजांत ही शाखा नाही आणि पवईच्या आयआयटीतही बी.टेक. मायनिंग नाही. ठाण्याच्या किंवा वाशीच्या मुलाला ही पदवी घ्यायची तर घर सोडावं लागेल, हे आधी घरात नीट बोलून घ्या. ते ठरलं की पुढचं काम कागदांचं. माझ्या अनुभवात या शाखेच्या जागा मार्कांपेक्षा दाखल्यांमुळे जास्त हुकतात, म्हणून इथे कागदांवर जास्त लिहिलं आहे.

आधी ही पदवी कुठे मिळते ते पाहू. आयआयटींमध्ये धनबाद, खरगपूर आणि वाराणसीची बीएचयू इथे ही शाखा आहे. धनबादची संस्था १९२६ पासून खाणकाम शिकवते आणि तिला आयआयटीचा दर्जा २०१६ मध्ये मिळाला. एनआयटींमध्ये राउरकेला, सुरतकल, रायपूर आणि आपलं नागपूरचं व्हीएनआयटी. शिबपूरच्या आयआयईएसटीतही शाखा आहे. राज्याच्या प्रवेश प्रक्रियेतून जायचं तर चंद्रपूरचं राजीव गांधी अभियांत्रिकी महाविद्यालय हे जुनं नाव. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी हा कोळशाचा पट्टा असल्यामुळे तिथे शिकणाऱ्याला खाण बघायला सहलीची वाट पाहावी लागत नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्स, मँगनीज काढणारी मॉइल आणि इंडियन ब्युरो ऑफ माइन्स या तिघांचीही मुख्यालयं नागपुरात आहेत. कल्याणहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस धरली की सकाळी नागपूर. ठाण्याच्या मुलासाठी मला नागपूर-चंद्रपूर ही सर्वांत समंजस निवड वाटते.

केंद्राची प्रक्रिया: जेईई आणि जोसा

एनआयटीसाठी जेईई मेन. आयआयटीसाठी जेईई मेनमधून वर आलेल्या साधारण अडीच लाख मुलांना जेईई अॅडव्हान्स्ड देता येते. अॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते. रँकबरोबर बारावीचीही अट आहे: ७५ टक्के, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५ टक्के. ‘जेईई महत्त्वाची, बोर्डाचं काय’ असं म्हणून बारावीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

व्हीएनआयटीतल्या निम्म्या जागा महाराष्ट्रासाठी असतात. इथे महाराष्ट्राचा विद्यार्थी कोण, हे आधार कार्डावरच्या पत्त्यावरून ठरत नाही. बारावी कुठल्या राज्यातून दिली त्यावरून ठरतं. दहावीनंतर कोट्याला जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी देणारा घोडबंदर रोडचा मुलगा या हिशेबात राजस्थानचा होतो आणि नागपूरच्या होम स्टेट जागांवरचा हक्क गमावतो. अकरावीचा प्रवेश घेतानाच हे लक्षात घ्यायला हवं, कारण पुढे ते बदलता येत नाही.

निकालानंतर जोसाच्या, म्हणजे केंद्रीय संस्थांच्या जागा वाटणाऱ्या यंत्रणेच्या, एकाच पोर्टलवर आयआयटी, एनआयटी आणि इतर केंद्रीय संस्थांचे पर्याय भरायचे. जागा मिळाली की शुल्क भरून कागद अपलोड करायचे आणि फ्रीझ, फ्लोट की स्लाइड ते निवडायचं. फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की. फ्लोट म्हणजे ही हातात ठेवून यादीत वर असलेली कुठल्याही संस्थेतली जागा चालेल. स्लाइड म्हणजे संस्था हीच, पण शाखा वरची मिळाली तर हवी. ज्याला खरोखर मायनिंगच हवं आहे त्याने स्लाइड घेऊ नये. यादीत वर दुसऱ्या शाखा ठेवल्या असतील तर जागा तिकडे सरकेल. अपलोड केलेल्या कागदात त्रुटी निघाली की पोर्टलवर क्वेरी येते आणि तिला दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं. त्या दिवसांत पोर्टल सकाळ-संध्याकाळ उघडून पाहा. उत्तर राहिलं तर जागा जाते.

फीचंही सांगतो. आयआयटी-एनआयटीत अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे. इतरांत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण, आणि एक ते पाच लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफी मिळते.

राज्याची प्रक्रिया: सीईटी आणि कॅप

इथे एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट द्यायचा. गणिताचे १०० गुण, भौतिक आणि रसायनचे ५०-५०, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर. बारावीत भौतिकशास्त्र व गणित सक्तीचे, तिसरा विषय रसायन किंवा मान्य यादीतला दुसरा. तिन्हींत मिळून ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के. जेईईच्या ७५ टक्क्यांपुढे ही अट सौम्य आहे.

मागच्या वर्षीची कटऑफ यादी उघडलीत की प्रत्येक आकड्यावर इंग्रजी अक्षरांचा एक जोड दिसेल. जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, एल-ओपन-ओ, असं काहीतरी. जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा, मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच असेल तर ती जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांची, ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठांतल्या मुलांची, एस असेल तर सगळ्या राज्याची. चंद्रपूर गोंडवाना विद्यापीठात येतं. ठाणे किंवा रायगड जिल्ह्यातून बारावी केलेला विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या हद्दीतला. म्हणजे चंद्रपूरच्या यादीत तुम्ही ओ आणि एस याच ओळी वाचायच्या. लोक पहिलीच ओळ वाचतात, ती एचची असते, आणि त्यावरून मिळेल किंवा नाही मिळणार असं ठरवून टाकतात. प्रवर्ग, मुलगा-मुलगी आणि शेवटचं अक्षर जुळवून मगच आकडा पाहा.

कॅपची, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी ऑनलाइन होते. कागदांची तपासणी ई-स्क्रुटिनीने घरबसल्या किंवा सुविधा केंद्रात प्रत्यक्ष जाऊन करता येते. दाखल्यांत जरा जरी गुंता असेल तर मी केंद्रात जायला सांगेन. समोर बसून प्रश्न विचारता येतो. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते, म्हणून ‘बघू, काय लागतं’ म्हणून पहिल्या क्रमांकावर काहीही टाकू नका.

फीसाठी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिकवणी शुल्क माफीच्या, जागा आहेत. याच उत्पन्न मर्यादेत राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिकवणी शुल्क मिळतं. मुलींना २०२४ पासून ते पूर्ण मिळतं. बाहेरगावी राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना पाहा. शिष्यवृत्ती व भत्त्याचे अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर, आणि प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. संस्था पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला या सवलती लागू होत नाहीत.

दाखले: अकरावीतच सुरुवात करा

दोन प्रक्रियांसाठी दोन फायली करा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, लिव्हिंग सर्टिफिकेट (एलसी), आधार आणि फोटो दोन्हीकडे लागतात. खरा फरक प्रवर्गाच्या दाखल्यांत आहे.

एलसी हातात आलं की काउंटर सोडण्याआधी वाचा. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारतीय’ आहे का आणि जन्मस्थळ पूर्ण लिहिलं आहे का, गाव, तालुका, जिल्हा, राज्य? नुसतं ‘ठाणे’ लिहून बाकी जागा मोकळी सोडलेली एलसी मी पाहिली आहेत. महाराष्ट्रातला जन्म सिद्ध होत नसेल तर अधिवासाचा दाखला लागतो. तो तसाही काढून ठेवावा. त्यासाठी महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो.

दाखला कुठल्या तहसिलातून काढायचा, यात नवी मुंबईकरांचा गोंधळ ठरलेला. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. बेलापूर आणि खारघर लोकलच्या एकाच मार्गावरची शेजारची स्टेशनं, पण उत्पन्नाचा दाखला काढताना एक ठाण्याला जातो आणि दुसरा पनवेलला. आपले सरकार पोर्टलवर अर्ज करतानाही जिल्हा-तालुका असाच निवडायचा.

जातीच्या दाखल्याचं गणित आणखी वेगळं आहे. तो आज तुम्ही कुठे राहता यावर मिळत नाही. मानीव दिनांकाला तुमचं कुटुंब कुठे राहत होतं, त्यावर मिळतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. समजा, आजोबा १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यातून वागळे इस्टेटीत कामाला आले आणि कुटुंब ओबीसी आहे. मग नातवाचा जन्म कळव्याचा असला तरी जातीचा दाखला साताऱ्याकडच्या प्रांत कार्यालयातून निघेल आणि पडताळणीही सातारा जिल्ह्याच्या समितीकडे होईल. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातली गाव नमुना १४ ची नोंद शोधायला गावी जावं लागतं, आणि ते काम बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर होत नाही. दिवाळीला गावी जाल तेव्हा शाळेत आणि तहसिलात चौकशी करून या. घणसोली-दिव्याच्या मूळच्या आगरी कुटुंबांचं गाव इथलंच असल्यामुळे त्यांना हे तुलनेने सोपं जातं.

जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज ज्युनिअर कॉलेजमार्फत अकरावी-बारावीतच करता येतो. समितीची पावती दाखवून कॅपमध्ये पुढे जाण्याची मुभा कधी कधी मिळते, पण ठरलेल्या तारखेपर्यंत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेवरचा दावा जातो. पावतीच्या भरवशावर राहू नका.

राज्यासाठी नॉन-क्रीमीलेअर दाखला पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. जोसासाठी मात्र ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेला लागतो. ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या, दाखल्याचंही तसंच, आणि केंद्राच्या निकषात उत्पन्नाबरोबर मालमत्ताही पाहतात: एक हजार चौरस फुटांचा किंवा मोठा फ्लॅट असेल तर उत्पन्न कमी असूनही दाखला मिळत नाही. तहसिलात नुसतं ‘नॉन-क्रीमीलेअर काढायचंय’ म्हणालात तर राज्याचा नमुना हातात पडेल. केंद्राचा हवा, असं अर्जातच लिहा.

मराठा विद्यार्थ्यांनी हे जरूर वाचावं. एसईबीसीचं (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचं) दहा टक्के आरक्षण राज्याच्या कॅपमध्ये आहे, आयआयटी-एनआयटीत नाही. तिथे तुम्ही खुल्या प्रवर्गातून, किंवा निकषांत बसत असाल तर ईडब्ल्यूएसमधून अर्ज करता. कुणबी नोंद असेल तर कुणबी ही जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे.

डोळे, तब्येत आणि मुलींचा प्रश्न

या शाखेला प्रकृतीची अट असते. खाणीतले सिग्नल, केबलचे रंग, इशाऱ्याचे दिवे ओळखता आले पाहिजेत, म्हणून जोसाच्या माहितीपत्रकात मायनिंगसाठी रंगांधत्वाबद्दल काय लिहिलं आहे ते पर्याय भरण्याआधीच पाहा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्यांची तपासणी पाच मिनिटांत होते. मे महिन्यातच करून घ्या.

मुलींनी हा अर्ज करावा का? जरूर करावा. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामाला बंदी होती. जानेवारी २०१९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत भूमिगत खाणीत जाण्याची परवानगी दिली. २०२१ मध्ये सेंट्रल कोलफिल्ड्सच्या चुरी भूमिगत खाणीत आकांक्षा कुमारी ही तरुणी मायनिंग इंजिनिअर म्हणून रुजू झाली. ‘मुलींना घेत नाहीत’ असं सांगणारे काका जुन्या माहितीवर बोलत आहेत. कॅपमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत, आयआयटी-एनआयटीत वाढीव जागा आहेत.

डिप्लोमा झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. त्याची कॅप वेगळी असते.

पदवी घेतली म्हणजे खाणीचा कारभार हातात येत नाही, हेही आधी माहीत असावं. व्यवस्थापक व्हायचं तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, म्हणजे धनबादच्या डीजीएमएसचं सक्षमता प्रमाणपत्र लागतं: आधी सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास. त्यासाठी खाणीतला प्रत्यक्ष अनुभव, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि कोळशाच्या खाणीसाठी गॅस टेस्टिंगचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. अनुभवाच्या दाखल्यावर कुठल्या खाणीत, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, भूमिगत की ओपनकास्ट, हे व्यवस्थापकाच्या सहीने नमूद असावं लागतं. प्रशिक्षण संपल्या दिवशीच तो दाखला घ्या. व्यवस्थापकाची बदली झाली की ती सही मिळवायला पुन्हा चंद्रपूरची वारी करावी लागते.