हेलिकॉप्टर आधी पडद्यावर का उडवायचं

रिमोटवर उडणारं हौसेचं छोटं विमान शिकाऊ माणसाला थोडंफार सांभाळून घेतं. उंचीवर असताना हात सोडला तर ते काही क्षण आपल्या पंखांवर तरंगतं, विचार करायला सवड देतं. रिमोटवरचं हेलिकॉप्टर तसं करत नाही. ते एका जागी हवेत धरणं म्हणजे उताणं ताट बोटावर तोलणं. उंची वाढवायला पात्यांचा कोन वाढवला की मुख्य पंख्याचा पिळ वाढतो आणि नाक फिरू लागतं. ते शेपटीच्या पंख्याने आवरावं तर त्याच्या रेट्याने सगळं यंत्र बाजूला सरकतं. एक चूक सुधारताना दुसरी जन्माला येते आणि हे सारं सेकंदाच्या आत घडतं. पातं जमिनीला लागलं की पाती, मुख्य शाफ्ट, शेपटीचा लांब दांडा असं बरंच काही एकदम जातं. सिम्युलेटर म्हणजे प्रत्यक्ष न उडता उडण्याचा सराव देणारं साधन. त्याच्या इतिहासामागे खरं कारण हेच आहे.

कल्पना मात्र या छंदाहून जुनी. अमेरिकेत बिंगहॅम्टनला एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधल्या भात्यांची हवा वापरून लिंक यांनी १९२९ च्या सुमारास जमिनीवरच डोलणारं, कलणारं विमान तयार केलं. सुरुवातीला ते जत्रेतली करमणूक म्हणूनच जास्त खपलं. मग १९३४ मध्ये टपाल वाहून नेण्याचं काम अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर आलं. धुक्यात, रात्री, नुसत्या उपकरणांवर उडण्याची सवय नसल्याने काही आठवड्यांतच बरेच वैमानिक दगावले, आणि त्याच वर्षी लष्कराने लिंकची यंत्रं विकत घेतली. सरावाच्या यंत्राची किंमत अपघातांनंतर कळावी, हे वाईट आहे. छंदाच्या बाबतीतही क्रम तोच राहिला, फक्त मोडली ती मॉडेलं.

रिमोटवरचं हेलिकॉप्टर खऱ्या अर्थाने उडवून दाखवलं ते जर्मनीच्या डीटर श्ल्युटर यांनी, १९७० च्या आसपास. पुढे त्यांच्या ह्युई कोब्रा मॉडेलचा संच बाजारात आला आणि सामान्य हौशी माणसाच्या हातात हे यंत्र गेलं. मुख्य पंख्यावर आडवा दांडा, त्याच्या टोकांना छोट्या फळ्या, म्हणजे फ्लायबार, एवढाच स्थिरतेचा आधार. शिकणारे खालच्या पायांना काठ्या आडव्या बांधून टोकांना चेंडू लावत, म्हणजे यंत्र कललं तरी पातं जमिनीला लागू नये. त्यानेही पुष्कळ मोडायचं.

१९८० च्या दशकात घरगुती संगणकांवर रिमोट-विमानांचे पहिले सिम्युलेटर आले. चित्रं रेघोट्यांची. पण एक गोष्ट त्यांनी नेमकी पकडली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: पाहणारा कॉकपिटमध्ये नव्हता, मैदानावर उभा होता. यंत्र पाठमोरं असतं तोवर उजवं ते उजवंच. नाक आपल्याकडे वळलं की रिमोटवरची स्टिक, म्हणजे दांडी, उजवीकडे ढकलली तर यंत्र आपल्या डावीकडे जातं. हे डोक्याला पाच मिनिटांत समजतं, हाताला समजायला महिने लागतात. आधी शेपटी आपल्याकडे, मग बाजू, मग नाक, अशा पायऱ्या करत शेकडो वेळा पडावं लागतं. पडद्यावर एक बटण दाबलं की हेलिकॉप्टर पुन्हा उभं.

१९९० च्या दशकात ब्रिटनच्या सीएसएम या कंपनीने खास हेलिकॉप्टरवाल्यांना आवडलेला सिम्युलेटर दिला. नाकाची दिशा धरून ठेवणारे गायरोही याच कंपनीने केले, आणि हा योगायोग नव्हे: यंत्राचं गणित मांडता येणाऱ्यालाच ते सावरणारं उपकरण सुचतं. १९९७ मध्ये अमेरिकेतून रिअलफ्लाइट नावाचा सिम्युलेटर आला. जर्मनीचा एफएमएस हा सिम्युलेटर तर फुकट होता. आपलाच ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, केबलने संगणकाला जोडायचा, म्हणजे बोटांना लागलेली सवय तशीच्या तशी मैदानावर जाते. गेमपॅडवर शिकलेलं असं जात नाही. उलटं उडणं, शेपटीवर उभं राहणं असे थ्रीडी प्रकार इतक्या जणांच्या आवाक्यात आले, त्यात या सरावाचा वाटा मोठा आहे.

उणीव आहेच. सपाट पडद्यावर अंतराचा अंदाज येत नाही, आणि मिनिटाला दोन हजारांवर फेरे घेणाऱ्या पात्यांची भीती तिथे नसते. ती भीती हवी. मैदानावर तीच माणसाला सुरक्षित अंतरावर उभं करते.

भारतात ड्रोन नियम, २०२१ नंतर डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या रिमोट पायलट प्रशिक्षणात सिम्युलेटरचे तास अभ्यासक्रमाचाच भाग आहेत. ड्रोन जीपीएसवर स्वतःच एका जागी थांबतो, म्हणून पुष्कळांना हे तास निव्वळ उपचार वाटतात. पण जीपीएस गेलं की तो वाऱ्याबरोबर सरकू लागतो, आणि नाक आपल्याकडे असेल तर कुठली स्टिक कुठे न्यायची, हा श्ल्युटरांच्या काळातला प्रश्न बोटांपुढे पुन्हा येतो.