दस्ता बेतणे (छर्‍याची बंदूक)

दस्ता बेतणे म्हणजे छर्‍याच्या बंदुकीचा (शॉटगनचा) दस्ता ती चालवणाऱ्याच्या हात, मान, गाल आणि खांद्याच्या मापाला जुळवणे. रायफलीवर नेम धरायला मागे खाच आणि पुढे माशी असते. या बंदुकीला बहुधा नुसती माशी असते. खाचेचे काम डोळाच करतो, आणि डोळा नेमका कुठे येईल हे गालाखालचे लाकूड ठरवते.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी तयार बंदुकांत साधारण 14 ते 14.5 इंच असते. दस्ता लांब असला तर बंदूक उचलताना काखेत अडकतो. आखूड असला तर बार होताच अंगठा नाकावर आदळतो. दस्ता कोपरात टेकवून चापाला बोट पोचते का पाहणे, ही परीक्षा अगदी ढोबळ आहे. मान आणि खांद्याबद्दल ती काहीच सांगत नाही. गालाचा आधार उंच असला तर मार वर जातो, खाली असला तर खाली. उजव्या खांद्याने चालवणाऱ्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे झुकवतात. मागच्या कडेचा कल चुकला तर दस्त्याचे टोक छातीत रुतते.

कोणता डोळा प्रबळ आहे, म्हणजे नेम धरताना कोणता डोळा पुढाकार घेतो, हे आधी तपासावे. मग 16 यार्डांवर मोठा कागद लावून, बंदूक खांद्याला येताच न रेंगाळता काही बार काढावेत. माशी डोळ्यापासून साधारण यार्डभर असते, म्हणून छर्‍यांचा मध्य 1 इंच सरकलेला दिसला तर दस्त्यात 1/16 इंच बदल पुरतो.

इंदूरच्या एखाद्या जुन्या मराठी घरात आजोबांची परवान्याची बाराबोर असेल, तर ती त्यांच्या अंगाची आहे हे विसरू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले. आता हा खेळ हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या टिपण्याचा. इंदूरलगतच्या महूला तर लष्कराचे नेमबाजी पथकच आहे. ट्रॅप या तबकडी टिपण्याच्या प्रकारात तबकडी वर चढत जाते, म्हणून ट्रॅपच्या बंदुकीचा गालाधार शिकारीच्या बंदुकीपेक्षा उंच ठेवतात. जुन्या दस्त्याला पहिल्याच दिवशी करवत लावणे हा खरोखर अन्याय आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून आधी मागे रबरी पॅड आणि गालाखाली पट्टीचे थर लावून पाहावेत. बाक बदलायचाच असेल, तर अक्रोडाचे लाकूड गरम तेलाने शेकून वाकवता येते. ते काम मात्र जाणत्या बंदूक कारागिराकडेच द्यावे.