पार्श्वभूमी : पित्त म्हणून खपलेली सूज

कोकणात अंगावर काहीही उठलं की ते पित्त. आमसुलं वाटीत भिजत पडतात, ते पाणी अंगाला चोळतात आणि बांगडा खाऊन उठलेल्या गांधी बहुतेक वेळा तासा-दोन तासांत बसतातही. त्यामुळे शब्दावरचा विश्वास पक्का होतो. मग कधी नुसता ओठ सुजून लोंबतो, पापणी मिटते, गांधी नाहीत, खाज नाही, तरी तेही पित्तच. दवाखान्यात गेल्यावर त्याची ‘ॲलर्जी’ होते, एवढाच फरक.

डॉक्टरी भाषेनं तरी कुठे धड नाव ठेवलं होतं? १८८२ मध्ये जर्मनीत या सुजेचं, म्हणजे आजच्या भाषेत अँजिओइडीमाचं, वर्णन झालं आणि १८८८ मध्ये एकाच घराण्याच्या पाच पिढ्यांत ती असल्याची नोंद झाली. नाव मात्र पडलं ‘अँजिओन्यूरोटिक’, म्हणजे खोट मज्जातंतूंची. त्या ‘न्यूरोटिक’पायी कित्येक रुग्ण मनानं हळवे ठरले. आपल्याकडे घरात दोघा-तिघांना तेच व्हायला लागलं की प्रकरण देवाला गाऱ्हाणं घालण्यापर्यंत जातं. १९६३ मध्ये घराण्यात चालत येणाऱ्या या सुजेचं कारण सापडलं. रक्तातलं सी-१ इनहिबिटर हे प्रथिन कमी पडतं. त्यानंतरही जुनं नाव केसपेपरवर कितीतरी वर्षं चालूच राहिलं.

ही सूज ब्रॅडिकायनिनची, म्हणजे रक्तवाहिन्या झिरपायला लावणाऱ्या रसायनाची; ॲलर्जीत सुटणाऱ्या हिस्टामाइनची नव्हे. म्हणून ॲलर्जीच्या इंजेक्शनांना ती दाद देत नाही. ॲलर्जीची शंका असेल तर ॲड्रिनलिन द्यावंच, पण उतार पडला नाही की विचार बदलायला हवा. पोटातली सूज तर अपेंडिक्स समजून कापली गेली आहे. सी-४ या रक्तातल्या प्रथिनाची साधी तपासणी इथे पहिला धागा देते.

१९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्याच वर्षी अमेरिकेत रक्तदाबाची कॅप्टोप्रिल ही गोळी मंजूर झाली. संबंध काही नाही, साल लक्षात राहतं इतकंच. तिच्याच जातीच्या एनालाप्रिल, रॅमिप्रिल पुढे गावोगावी पोचल्या. त्या घेणाऱ्या हजारातल्या एक ते सात जणांना जिभेवर किंवा ओठावर हीच ब्रॅडिकायनिनची सूज येते, कधी गोळी सुरू होऊन वर्षं उलटल्यावर. “चार वर्षं घेतोय, मग आजच कसं?” हा प्रश्न म्हणूनच फसवा. गोळी कायमची बंद करणं हाच मुख्य उपाय. उतारवयात रक्ताच्या विकाराबरोबर जडणारा या सुजेचा प्रकार विरळा. त्यात सी-१-क्यू हे रक्तातलं आणखी एक प्रथिनही घटतं.

आनुवंशिक प्रकारावर १९७०च्या दशकात डॅनाझॉल हे पुरुषी संप्रेरकाच्या जातीचं औषध आलं. बायकांना ते फारसं मानवत नाही, गरोदरपणी तर चालतच नाही. २००८ नंतरची नवी औषधं नेमकी आहेत, पण महाग. तालुक्याच्या गावी भिस्त ट्रॅनेक्सामिक ॲसिड या एरवी रक्तस्राव थांबवायच्या औषधावर आणि गोठवलेल्या प्लाझ्मावर, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवावर. प्लाझ्मा वितळवायलाच अर्धा तास जातो, घाट चढून कोल्हापूर गाठायला त्याहून कितीतरी जास्त, आणि घसा तेवढा थांबत नाही. दाढ काढणं हे घसा सुजण्याचं जुनं निमित्त. अशा घरातल्या माणसानं दातांच्या डॉक्टरला आधी सांगितलं, तर प्लाझ्माची पिशवी रक्तपेढीतून मागवून ठेवता येते.