सॅन होजे प्रयोग (मिश्र अध्यापन)

कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठाने 2012–13 मध्ये बाहेरच्या ऑनलाइन संस्थांशी करार करून राबवलेले अध्यापनप्रयोग. हे प्रयोग दोन होते. त्यांतला एकच खऱ्या अर्थाने मिश्र, म्हणजे ऑनलाइन धडे आणि प्रत्यक्ष वर्ग यांची सांगड घालणारा होता. चर्चेत मात्र दोन्ही सर्रास एकत्र धरले जातात.

पहिला करार एडएक्सशी झाला. ही हार्वर्ड आणि एमआयटी (मॅसॅचूसेट्सची, पुण्याची नव्हे) यांनी 2012 मध्ये काढलेली ना-नफा संस्था. तिचे तेव्हाचे प्रमुख अनंत अगरवाल हे मद्रास आयआयटीचे पदवीधर. त्यांच्याच विद्युत मंडलांवरील अभ्यासक्रमाच्या चित्रफिती सॅन होजेचे विद्यार्थी घरी पाहत व स्वाध्याय सोडवत. वर्गात सॅन होजेचे शिक्षक खोस्रो घदिरी व्याख्यान देत नसत. तिथे अडलेल्या मुद्द्यांची उकल होई, मग तिघातिघांच्या गटांत उदाहरणे सोडवली जात आणि शेवटी छोटी चाचणी होई.

2012 च्या शरद सत्रात या तुकडीचे 91 टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. तुलनेसाठी पारंपरिक वर्गाचा आकडा कुठे 55, तर कुठे 59 टक्के दिलेला आढळतो. विषय पुन्हा घ्यावा लागणाऱ्यांचे प्रमाण 41 वरून 9 टक्क्यांवर आले, या विधानाशी 59 जुळतो. म्हणून तोच ग्राह्य धरणे बरे. वाढीचे श्रेय कोणाला, हा वाद वेगळाच. चित्रफिती आणि वर्गातील गटकार्य हे दोन्ही बदल एकदमच झाल्याने ते आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. शिवाय तुकडी एकच होती. गटकार्याचा वाटा मोठा असावा, असे मानण्याकडे कल आहे.

दुसरा करार युडॅसिटी या खासगी कंपनीशी जानेवारी 2013 मध्ये जाहीर झाला. गणित व संख्याशास्त्राचे तीन अभ्यासक्रम, प्रत्येकी 150 डॉलर शुल्क आणि शिकवणे संपूर्ण ऑनलाइन. विद्यार्थ्यांत शाळकरी मुले आणि पूर्वी त्याच विषयात नापास झालेलेही होते. निकाल निराशाजनक लागला आणि जुलैमध्ये उपक्रम स्थगित झाला.

त्याआधी एप्रिलमध्ये सॅन होजेच्याच तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डचे मायकेल सँडेल यांचा एडएक्सवरील न्यायविषयक अभ्यासक्रम वापरण्यास खुल्या पत्राने नकार दिला होता. आयत्या व्याख्यानांमुळे सार्वजनिक विद्यापीठांतील प्राध्यापकांची गरजच उरणार नाही, ही त्यामागची भीती. वर्गातला शिक्षक कायम ठेवणाऱ्या घदिरींच्या प्रयोगाला हा आक्षेप कितपत लागू पडतो, हे वादग्रस्त आहे.

एडएक्स 2021 मध्ये टूयू या कंपनीला 80 कोटी डॉलरला विकली गेली.