विरजणाच्या उबेचं पाणी

जांबोटीजवळ माझ्या मावसभावाचा होम-स्टे आहे. चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याला जाणारी-येणारी मंडळी शनिवार-रविवार तिथं उतरतात. गेल्या थंडीत त्यानं मागच्या अंगणात हॉट टब बसवला, म्हणजे गरम पाण्याचा, बुडबुडे सोडणारा बसायचा हौद. चार माणसं मावतील एवढा, हजार लिटरचा. बोअरचं पाणी भरलं, काचेसारखं नितळ. क्लोरीनची पावडर टाकली आणि तासाभरात मला फोन. ‘‘मी पावडर घातलो आणि पाणी चहावाणी झालंय बघ. पावडरच खोटी दिलाय काय की!’’

पावडर खरी होती. खानापूरच्या पश्चिम अंगाला जमीन जांभ्याची, आणि तिचा लाल रंग लोहाचा. खोल जमिनीत, हवा न लागलेल्या पाण्यात लोह विरघळून राहतं तेव्हा त्याला रंग नसतो. क्लोरीन भेटला की त्याचा गंज होतो आणि तो बारीक तांबूस कणांनी पाण्यात तरंगू लागतो. या खटाटोपात क्लोरीनही खर्ची पडतो. जंतूंसाठी उरतच नाही. उपाय गावाकडचाच आहे. पाणी टाकीत उंचावरून पाडायचं, हवा खाऊ द्यायची, रात्रभर निवळू द्यायचं आणि वरवरचं काढून टबात घ्यायचं.

निपाणी-चिकोडीकडे टब बसवणाऱ्याचं दुखणं वेगळं. काळ्या मातीखालच्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. असं पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट साका धरून बसतं. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा पदार्थ मात्र कमी. जुन्या तांब्याच्या बंबाच्या आत हात घातलेल्यांना तो पांढरा खरखरीत थर ठाऊक आहे. टबात तो हीटरच्या कॉइलवर बसतो आणि वीजबिलात दिसतो.

पण लोह काय नि कॅल्शियम काय, डोळ्यांना दिसतं तरी. खरी काळजी न दिसणाऱ्याची. डिसेंबरच्या थंडीत आमच्याकडे दही लवकर लागत नाही, म्हणून वहिनी दूध बोटाला सोसवेल इतकं कोमट करते, विरजण लावते आणि पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवते. ती ऊब साधारण ४० अंशांची. टबाचं पाणीही ३७ ते ४० अंशांवरच ठेवतात, त्यावर नेऊही नये. म्हणजे आपण हजार लिटरचं पातेलं जंतूंना मानवेल अशा उबेत झाकून ठेवतो, आणि विरजण आपल्या अंगावरून जातं.

किती जातं, याचा हिशेब करून पाहा. चार माणसं, हजार लिटर. माणशी अडीचशे लिटर. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात पावणेचार लाख लिटर पाणी असतं. तिथं एवढी दाटी व्हायला एका वेळी १५०० माणसं उतरावी लागतील. विहिरीत पोहून मोठे झालेले आम्ही ‘पाण्याला काय होतंय’ म्हणतो, पण विहीर थंड असते आणि मोठी असते.

म्हणून टबात मोकळा क्लोरीन किमान ३ पीपीएम हवा. हजार लिटरमध्ये ३ ग्रॅम, चिमूटभरच. पण घामातला युरिया आणि अमोनिया तो पटापट अडकवतात आणि क्लोरामाइन तयार होतं. डोळे चुरचुरतात, नाकात वास बसतो, तो याचा. ‘क्लोरीन जास्त झालाय’ असं लोक म्हणतात तेव्हा मोकळा क्लोरीन बहुधा कमी पडलेला असतो, आणि इलाज असतो झाकण उघडून अजून क्लोरीन देण्याचा. टबात शिरण्याआधी साबण लावून अंघोळ करणं त्याहून स्वस्त.

दुसरी मेख बुडबुड्यांची. गोटी सोडा फोडला की गॅस जातो आणि आंबटपणा उतरतो. टबात हवा घुसळली की तसाच कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढत जातो. पीएच हा आंबटपणाचा उलटा आकडा, आंबटपणा उतरला की तो चढतो. पीएच साडेसात असताना निम्मा क्लोरीन जंतू मारणाऱ्या रूपात असतो, आठ असताना जेमतेम चौथा हिस्सा. पाणी तपासायची पट्टी क्लोरीन भरपूर दाखवते, पण त्यात धार नसते. म्हणून पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा. चढला तर थोडं सोडियम बायसल्फेट, म्हणजे आम्लाची पावडर. वेगवेगळ्या पावडरी कोरड्या एकत्र कधीच करायच्या नाहीत. आम्ल आणि क्लोरीन भेटले की विषारी वायू सुटतो. ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीए या दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनची गोळी एका डब्यात पडली तर पेटही घेतात.

हे सगळं भावाला सांगितलं तर म्हणाला, ‘‘शनिवारीच माणसं येतात. बाकी दिवस टब झाकलेलाच असतो.’’ मला भीती त्या बाकीच्या दिवसांचीच. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्सपेलच्या पुष्पप्रदर्शनात एक टब नुसता मांडून ठेवला होता. त्याच्या तुषारांतून लेजिओनेला जंतू पसरले आणि किमान ३२ माणसं दगावली. हे जंतू २५ ते ४५ अंशांत वाढतात आणि पाण्याच्या बारीक थेंबांतून फुफ्फुसात जातात. जांबोटीला करंट गेला, पंप थांबला, पाणी हळूहळू चाळिसावरून तिसावर आलं, तर तीन दिवस ते याच पट्ट्यात पडून राहतं आणि क्लोरीन संपलेला असतो. नळ्यांच्या आत बुळबुळीत थर धरतो, न घासलेल्या माठात बोट फिरवल्यावर लागतो तसा. त्या थराच्या आड जंतू क्लोरीनपासून बचावतात. अंगावर पुरळ आणणारा स्यूडोमोनासही तिथंच मुक्कामाला असतो.

भावानं मग वहीत दोन रकाने आखले, पीएच आणि क्लोरीन. सोमवार ते शुक्रवार रोज पट्टी, करंट आला की आधी क्लोरीन, मग पंप. आठवड्याला फिल्टर, तीन महिन्यांनी सगळं पाणी बदलायचं. परवा गेलो तेव्हा तो पायरीवर बसून फिल्टरच्या घड्यांमध्ये पाइपनं पाणी मारत होता. तांबूस ओघळ अंगणात उतरला आणि तिथल्या मातीत मिसळून दिसेनासा झाला.