दुबार फोल्डर (क्लाउड सिंकमधील)

क्लाउडवर ठेवलेला एक फोल्डर दोन किंवा अधिक यंत्रांवर वापरात असतो. दोन्हीकडे त्यात बदल होतात. ते बदल जुळवताना कोणता खरा धरावा हे सिंक करणाऱ्या प्रोग्रामला ठरवता आले नाही, तर तो दोन्ही ठेवून देतो. मग मूळ नावाशेजारी ‘(१)’, नुसता ‘२’, एखाद्या संगणकाचे नाव किंवा ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ अशी शेपटी लागलेली दुसरी प्रत दिसू लागते. तिला दुबार प्रत म्हणतात, आणि असे अख्ख्या फोल्डरचे झाले की दुबार फोल्डर. पुस्तकी मराठीत सिंकला समक्रमण म्हणतात. बोलताना मात्र सगळे ‘सिंक झालं का?’ असेच विचारतात.

दुबार फोल्डर दिसला की बहुतेक जण तो कचरा समजून उडवतात आणि नुकसान नेमके तिथेच होते. कोणाचेही काम विचारल्याशिवाय पुसायचे नाही, या नियमाने प्रोग्राम चालला म्हणून ती प्रत शिल्लक राहिलेली असते. दोन्ही प्रती उघडून वाचेपर्यंत जादा कोणती आणि खरी कोणती हे कोणालाच ठाऊक नसते, प्रोग्रामलाही नाही.

पूर्वपीठिका

हा प्रश्न क्लाउडहून जुना आहे. दोन यंत्रांवरच्या घटनांपैकी आधीची कोणती हे घड्याळावरून खात्रीने सांगता येत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ मध्ये मांडले. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ‘व्हर्जन व्हेक्टर’ ही युक्ती पुढे आणली. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ पासून उभी राहिलेली ‘कोडा’ ही फाइल प्रणाली तुटलेल्या जोडणीतही काम चालू ठेवू देई आणि जोडणी परत आल्यावर बदल जुळवी. तिचे प्रमुख महादेव सत्यनारायणन हे मद्रास आयआयटीचे विद्यार्थी. सामान्य माणसाच्या टेबलावर ही कल्पना विंडोज ९५ मधल्या ‘ब्रीफकेस’च्या रूपाने आली, पण ती फारशी रुळली नाही. ड्रॉपबॉक्स २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, गूगल ड्राइव्ह २०१२ मध्ये आले, मायक्रोसॉफ्टच्या स्कायड्राइव्हचे २०१४ मध्ये वनड्राइव्ह झाले, आणि हा प्रश्न घरोघरी पोचला.

व्हर्जन व्हेक्टरची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक यंत्र आपण केलेल्या बदलांचा आकडा फाइलसोबत ठेवते. समजा, घरच्या लॅपटॉपचे ५ आणि कार्यालयातल्या संगणकाचे ३ बदल दोन्हीकडे पोचलेले आहेत. आता घरी इंटरनेट नसताना एक बदल झाला : घरची प्रत ६-३. त्याच दुपारी कार्यालयातही एक झाला : तिथली प्रत ५-४. दोन्ही प्रती समोरासमोर आल्या की कोणतीच दुसरीला पूर्ण सामावून घेत नाही. एकीचा पहिला आकडा मोठा, दुसरीचा दुसरा. घरची ६-३ आणि कार्यालयातली ५-३ असती, तर घरची नवी धरून विषय मिटला असता. इथे मात्र तसे करता येत नाही, म्हणून दोन्ही ठेवायच्या. आजच्या सेवा आतून हेच गणित करतात असे नाही, पण पेच हाच असतो.

फोल्डर दुबार कसा होतो

फाइलचे भांडण मजकुरावरून होते. फोल्डरला स्वतःचा मजकूर नसतो. त्याला असते नाव, जागा आणि आत काय आहे त्याची यादी. दोघांनी एकाच फोल्डरमध्ये वेगवेगळ्या फाइली टाकल्या तर कोणतीही सेवा त्या मुकाट एकत्र करते. फोल्डर दुबार होतो तो नाव किंवा जागा बदलल्यावर, आणि त्यातही दुसरे यंत्र त्या वेळी ऑफलाइन असल्यावर.

दिवाळी अंकाचे काम चालू आहे असे समजा. ‘कथा विभाग’ नावाच्या फोल्डरमध्ये बारा कथा आहेत. शनिवारी संपादक तो ‘कथा विभाग तपासलेला’ असा बदलतात. मांडणी करणाऱ्याच्या लॅपटॉपवर त्या वेळी इंटरनेट नाही आणि सातवी कथा उघडी आहे. रात्री जोडणी येते, त्याच्याकडेही फोल्डरचे नाव बदलते, पण उघड्या प्रोग्रामला जुनाच पत्ता ठाऊक असतो. तो ‘सेव्ह’ दाबतो, प्रोग्राम जुन्या पत्त्यावर फाइल लिहितो, आणि पुसला गेलेला ‘कथा विभाग’ पुन्हा उभा राहतो, आत एकटी सातवी कथा घेऊन. सोमवारी सगळ्यांना दोन फोल्डर दिसतात : एकात बारा फाइली, एकात एक. एकवाला उरलासुरला दिसतो, म्हणून कोणीतरी तो उडवतो. सातव्या कथेच्या शेवटच्या दुरुस्त्या तिथेच होत्या, आणि त्या छापून आलेल्या अंकात नसतात.

दुबार फोल्डरांपैकी रिकामा वाटणारा आधी उघडावा, तो यासाठी.

ड्रॉपबॉक्समध्ये काही फोल्डर संगणकावर न उतरवण्याची, म्हणजे ‘सिलेक्टिव्ह सिंक’ची सोय आहे. न उतरवलेल्या फोल्डरच्याच नावाचा नवा फोल्डर कोणी त्या संगणकावर बनवला, तर त्याला ‘सिलेक्टिव्ह सिंक कॉन्फ्लिक्ट’ अशी शेपटी लागते. नवा संगणक घेतल्यावर जुन्या हार्ड डिस्कवरचा सिंक फोल्डर हाताने नकलून आणला आणि मग खाते जोडले, तर वनड्राइव्ह दोन्हीकडच्या फाइली जुळवत बसते आणि न जुळणाऱ्यांच्या नावात संगणकाचे नाव घालते. शेकडो फाइली एका रात्रीत दुबार होतात त्या बहुधा अशा. आयक्लाउडवर दुसऱ्या मॅकचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स जोडले की त्या मॅकच्या नावाचा वेगळा फोल्डर तयार होतो. तो भांडणातून आलेला नसतो, तरी माणसे त्यालाच दुबार समजतात. गूगल ड्राइव्हची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे ओळख नावावरून नसून आतल्या क्रमांकावरून ठरते, त्यामुळे एकाच जागी ‘बिले’ नावाचे दोन फोल्डर सुखाने नांदतात. संगणकाच्या डिस्कला ते चालत नाही, म्हणून उतरवताना एकाला ‘(१)’ लागते. सिंकथिंग या मुक्त प्रणालीत शेपटीत तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्या यंत्राची खूण असते. नाव लांबलचक होते, पण भांडण कधीचे आणि कोणामुळे हे तिथल्या तिथे वाचता येते. इतर सेवांनीही हे उचलायला हवे.

एक सिंक फोल्डर दुसऱ्या सेवेच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवणे हा घोळाचा राजमार्ग. दोन प्रोग्राम एकमेकांच्या हालचालींना माणसाने केलेले बदल समजतात आणि प्रती वाढत जातात.

देवनागरी नावे

काही फोल्डर नुसत्या नावावरून दुबार होतात. लिनक्सला इंग्रजीतले लहान आणि मोठे अक्षर वेगळे वाटते, विंडोजला एकच; म्हणून ड्रॉपबॉक्समध्ये ‘केस कॉन्फ्लिक्ट’ असा एक प्रकार आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे मराठी नावे या भांडणातून सुटतात. मराठीचा स्वतःचा खड्डा वेगळ्या ठिकाणी आहे : ‘ऱ्य’मध्ये.

‘दऱ्या’ हे नाव घ्या. सह्याद्रीतल्या भटकंतीच्या फोटोंना असे नाव कोणीही देईल. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिला जातो. पहिलीत ऱ हे स्वतंत्र अक्षर असते (क्रमांक ०९३१), मग हलंत, मग या. इनस्क्रिप्ट किबोर्डवर शिफ्टसह र दाबला की हेच येते. दुसरीत साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब; पुढे तेच. तिसरीत साधा र, हलंत आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा ‘झिरो विड्थ जॉइनर’. काही किबोर्ड अजून असेच लिहितात. पडद्यावर तिन्ही बहुधा हुबेहूब सारखी दिसतात. चिन्हे मोजली तर पहिली पाच भरते, बाकीच्या दोन सहा-सहा. पहिली आणि दुसरी युनिकोडच्या नियमाने समान धरल्या जातात, पण तिसरी या दोघींशी समान नाही. तिथला जॉइनर गळला तर शब्द ‘दर्या’ होतो आणि डोंगरातले फोटो समुद्रावर जातात.

याचा परिणाम असा की एकाने मोबाइलवरून आणि दुसऱ्याने संगणकावरून ‘दऱ्या’ लिहिले, तर शेजारीशेजारी दोन ‘दऱ्या’ उभे राहतात, दोघांनाही शेपटी नाही, आणि विंडोज दोघांना बिनतक्रार जागा देते. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही डिस्क-पद्धत नावे फोडून ठेवत असे, म्हणजे पहिली तऱ्हा तिच्यावर दुसरी होऊन बसे. २०१७ मध्ये आलेल्या एपीएफएसमध्ये हे थांबले. ड्रॉपबॉक्स अशा जोडीला ‘युनिकोड एन्कोडिंग कॉन्फ्लिक्ट’ म्हणते. यावर एक सोपा उपाय चालतो. दोन्हींतले साहित्य एकत्र करायचे, नव्या फोल्डरला नाव एकदाच लिहायचे, आणि पुढे ते पुन्हा टंकित न करता नकलून वापरायचे. वाटून घेतलेल्या कामात ‘ऱ्य’ असलेले नाव टाळले तर उत्तमच. पण आपल्या भाषेतले अक्षर टाळा असे सांगणे मनाला पटत नाही. हे जुळवून घेण्याचे काम सेवांचे आहे.

लांबीचाही त्रास आहे. लिनक्सवर एका नावाची मर्यादा २५५ बाइट. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे हाती उरतात ८५ चिन्हे, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. नेक्स्टक्लाउड या स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या सिंक सेवेची शेपटी पस्तीसेक बाइटची असते. ठरावाच्या विषयाइतके लांब नाव असेल तर ती शेपटी मावत नाही आणि सिंक अडून बसते.

निस्तरणे

पहिले काम म्हणजे सगळ्या यंत्रांवर सिंक थांबवणे. चालू सिंकमध्ये एका ठिकाणी पुसलेले थोड्या वेळात सगळीकडे पुसले जाते. मग ब्राउझरमधून सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन तिथे काय दिसते ते पाहावे. फोल्डर तिथे एकच असेल, तर दुसरा फक्त या संगणकावरचा आहे आणि त्यातले काही अजून वर गेलेलेच नाही. नंतर दोन्ही फोल्डरांची नक्कल सिंकच्या बाहेर, पेनड्राइव्ह किंवा वेगळ्या डिस्कवर घ्यावी. ही पायरी वगळणारे पुढे पस्तावतात.

तुलना डोळ्यांनी करू नये. विंडोजवर विनमर्ज, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर फ्रीफाइलसिंक किंवा बियाँड कंपेअर, आणि टर्मिनल वापरणाऱ्याला ‘डिफ’ पुरते. फाइली मजकुरावरून ताडून पाहाव्यात, तारखेवरून नाही. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि कालची फाइल जुनी ठरते. झिप उघडताना किंवा नकलताना तारखा बदलतात त्या वेगळ्याच. आणखी एक सापळा आहे. फाइल क्लाउडवर ठेवून डिस्कवर तिचे फक्त चिन्ह दाखवण्याची सोय चालू असेल, तर तुलना करताना प्रोग्राम सगळ्या फाइली खाली उतरवू लागतो आणि मोबाइलच्या डेटावर असाल तर दिवसाचा डेटा तिथेच संपतो. गूगल ड्राइव्हवरच्या समान नावांसाठी टर्मिनलवरून चालणाऱ्या ‘आरक्लोन’ या प्रोग्रामची ‘डीड्युप’ ही आज्ञा नेमकी आहे. ती समान नावाचे फोल्डर आधी एकत्र करते आणि मग आतल्या फाइलींकडे वळते.

तुलनेनंतर तीन ढीग होतात. हुबेहूब सारख्या फाइलींची एक प्रत ठेवली की झाले. एकाच बाजूला असलेल्या फाइली दुसरीकडे हलवाव्यात. दोन्हीकडे असून मजकुरात फरक असलेल्या मोजक्याच असतात आणि खरा वेळ त्यांच्यावर घालवायचा असतो. वर्डमध्ये दोन दस्तऐवज ताडून फरक दाखवण्याची सोय आहे. एक्सेलचे ज्याने भरले त्यालाच फोन करून विचारावे. कोणता आकडा खरा हे तोच सांगू शकतो.

मग एकाच यंत्रावर सिंक चालू करून सगळे वर जाऊ द्यावे आणि हिरवी खूण आल्यावर बाकीची यंत्रे एकेक करून सुरू करावीत. चुकून काही गेलेच तर कचरापेटीची मुदत आठवावी : गूगल ड्राइव्ह, आयक्लाउड आणि व्यक्तिगत वनड्राइव्हवर ३० दिवस, संस्थेच्या वनड्राइव्हवर सहसा ९३, ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यांवर ३० आणि व्यावसायिक योजनांवर सहसा १८०.

काही फोल्डर एकत्र करायचेच नसतात. हिशेबाच्या प्रणालीत एका कंपनीची माहिती अनेक फाइलींत विभागलेली असते आणि त्या सगळ्या एकाच क्षणाच्या असाव्या लागतात. निम्म्या इकडच्या आणि निम्म्या तिकडच्या घेतल्या तर माहिती उघडत नाही किंवा, त्याहून वाईट म्हणजे, उघडते आणि बेरजा चुकतात. प्रोग्रामच्या आवृत्त्या आणि शाखा सांभाळणाऱ्या प्रोग्रामरांच्या गिट कोठाराचेही असेच. त्याच्या आतल्या लपलेल्या फोल्डरमध्ये एखादी ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ शिरली की शाखांचा पत्ता बिघडतो. अशा वेळी दोनपैकी एक फोल्डर अखंड निवडावा, दुसरा तारीख घालून बाजूला ठेवावा, आणि त्यातल्या जादा नोंदी मूळ प्रोग्राम उघडून हाताने पुन्हा भराव्यात. पुढे तो फोल्डर सिंकमधून बाहेर काढून प्रोग्रामचा स्वतःचा बॅकअप तेवढा क्लाउडवर पाठवावा.